ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवताना : जुन्या गाडीच्या मालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

माझ्याकडे १९८३ सालची मर्सिडीज-बेंझ २४० डी आहे. डब्ल्यू १२३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९७६ पासून सुमारे दहा वर्षे बनलेल्या आणि एकूण सुमारे २७ लाख निघालेल्या मालिकेतली ही गाडी आहे. पहिल्या मालकांनी ती इंग्लंडहून परतताना सोबत आणली, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे होते, पण गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता. सुमारे २,४०० सीसीच्या आणि ७२ अश्वशक्तीच्या या डिझेल इंजिनातली बरीच ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या, तेलाने ताकद पुढे देणाऱ्या भागातल्या) तेलातच खर्ची पडते आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर ते लगेच जाणवते. गिअर घसरू लागले तेव्हा मी नागपुरात दुरुस्तीची चौकशी केली, परंतु त्या जुन्या ऑटोमॅटिकचे क्लच पॅक आणि सीलचा संच मिळवून ते खात्रीने बांधून देईल असा कारागीर मला सापडला नाही. म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचे ठरवले.

हे काम मी शिकत शिकत केले आणि त्यात अनेक महिने गेले. गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवायला तीन दिवस पुरले; उरलेला सगळा वेळ त्याच्या भोवतीचे लहानसहान सामान शोधण्यात आणि चुकलेले पुन्हा उघडण्यात गेला. म्हणून पुढच्या क्रमात गिअरबॉक्सपेक्षा त्याच्या अवतीभवतीच्या वस्तूंवर अधिक लिहिले आहे. उदाहरणे माझ्या गाडीची आहेत. तुमची गाडी वेगळी असेल तर मापे आणि जागा बदलतील, पण कामाचा क्रम बहुतेक हाच राहील.

१. बदल खरोखर आवश्यक आहे का, ते आधी तपासा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नीट चालत नाही याचा अर्थ तो संपला असा होत नाही. या गाड्यांत गिअर कधी आणि किती झटक्याने पडावा हे बऱ्याच अंशी व्हॅक्यूमवर, म्हणजे नळ्यांतून हवा ओढून घेतल्याने तयार होणाऱ्या ओढीवर ठरते, आणि एखादी रबरी नळी तडकली तरी गिअर धक्के देऊ लागतात. डिपस्टिक काढून तेलाचा रंग आणि वास पाहा. तेल लाल व स्वच्छ असेल तर आधी फिल्टर, तेल आणि व्हॅक्यूमच्या नळ्या बदलून पाहाव्यात. ते काळे पडले असेल, जळका वास येत असेल आणि तळाच्या ट्रेमध्ये घर्षणपट्ट्यांचा चुरा सापडत असेल, तरच पुढे जा.

गाडीच्या वयाचाही विचार करा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यांत बसते. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी त्यात अट आहे. माझी गाडी त्या वयाला २०३३ मध्ये पोहोचेल. तुमची गाडी या उंबरठ्यावर असेल तर हा बदल करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती अजून दूर असेल, तर बॉडीचा पत्रा कुठेही न कापता आणि प्रत्येक मूळ भाग जपून, म्हणजे उद्या पुन्हा ऑटोमॅटिक बसवता येईल अशाच रीतीने काम करा.

२. कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणून प्रथम स्वतःचे नोंदणी प्रमाणपत्र ओळ न ओळ वाचा. माझ्या प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, घनक्षमता, आसने, वजन आणि रंग होते; गिअरबॉक्सच्या प्रकाराचा उल्लेख नव्हता. तरीही काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारणे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. नागपूर शहराच्या एमएच-३१ क्रमांकाच्या गाड्यांचे कार्यालय गिरीपेठेत आहे. तुमची गाडी एमएच-४९ म्हणजे पूर्व नागपूरची, किंवा एमएच-४० म्हणजे ग्रामीणची असेल, तर त्या त्या कार्यालयात जावे.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

- नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याच्या नूतनीकरणाचा कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते
- चालू विमा पॉलिसी आणि पीयूसी प्रमाणपत्र
- परिवहन कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच
- विमा कंपनीला बदलाची माहिती देणारे पत्र आणि त्यावर आलेले लेखी उत्तर
- गिअरबॉक्सची पावती, तो ज्या गाडीतून निघाला तिचा चॅसी क्रमांक आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत
- कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, तारखेसह

येथे एक मोठा सापळा आहे. भंगार व्यापारी अनेकदा इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र स्वस्तात देऊ करतात. इंजिन बदलले की इंजिन क्रमांक बदलतो, आणि मग तो सरळसरळ पूर्वपरवानगीचा विषय होतो. फक्त गिअरबॉक्स आणि त्याचे सामान घ्या. पावती नसलेला गिअरबॉक्स कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका, कारण तो चोरीच्या गाडीतला निघाला तर निस्तरावे तुम्हाला लागते.

३. सामान एकाच गाडीतून घ्या

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. शक्य असेल तर तुमच्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, मुळात मॅन्युअल असलेली मोडीत निघालेली गाडी शोधा आणि तिच्यातून पुढील सर्व वस्तू एकाच वेळी काढून घ्या :

- गिअरबॉक्स, बेल हाऊसिंग, मागचे माउंटिंग आणि त्याचा आडवा पत्रा
- फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि त्याचा फोर्क
- क्लच आणि ब्रेकच्या पेडलचा संपूर्ण सांगाडा, स्प्रिंगसह
- क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलकडचा), स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा), धातूची नळी आणि रबरी पाइप
- गिअर लिव्हर, त्याचे रॉड, बुश आणि वरचे रबरी आवरण
- प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा), मधल्या बेअरिंगसह
- स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स लाइटचा स्विच
- या सर्वांचे नटबोल्ट, वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी लावून

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सिलिंडरचे रबर नवेच घ्यावे लागतील. तरीही जुने आणा, कारण नव्याचे माप त्यांच्यावरूनच पडताळता येते. मी पहिल्या फेरीत केवळ गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील आणले आणि पेडलचा सांगाडा नंतर बघू म्हणून सोडून दिला. महिन्याभराने परत गेलो तेव्हा ती गाडी कापली गेली होती.

सामान्य वापराचे सामान, म्हणजे सील, बेअरिंग, नळ्या, ब्रेक ऑईल वगैरे घाट रोडवरच्या दुकानांत मिळते. या मालिकेचे जुने भाग मात्र मुंबईतील कुर्ला किंवा दिल्लीतील मायापुरी येथल्या भंगार बाजारांत शोधावे लागतात. परदेशातून मागवणार असाल तर लक्षात ठेवा, जर्मनी आणि अमेरिकेतील गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात. तिकडचा गिअरबॉक्स चालेल, पण पेडलचा सांगाडा आणि हायड्रॉलिक नळी तुमच्या उपयोगाची नसेल.

एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे पूर्वीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याखाली माझ्या गाडीतले ओएम ६१६ हेच इंजिन बनवले, आणि ते ट्रॅक्स व ट्रॅव्हलर या गाड्यांमधून विदर्भातल्या गावोगावी पोहोचले. त्यामुळे 'ट्रॅक्सचा गिअरबॉक्स लावून टाका' असे अनुभवी मेकॅनिकही सांगतात. इंजिन एकाच वंशाचे आहे हे खरे, आणि इंजिनाच्या सुट्या भागांसाठी ही ओळख फार कामाची आहे. परंतु भार वाहणाऱ्या गाडीचे गिअर भाराच्या हिशेबाने ठेवलेले असतात, लिव्हरची जागा आणि माउंटिंग कारच्या टनेलशी (तळाच्या मधल्या उंचवट्याशी) जुळेलच असे नाही, आणि ते जुळवायला कापाकापी करावी लागली तर पहिल्या पायरीतला आपला निश्चयच मोडतो. मी तो मार्ग सोडून दिला.

'तोंड जुळते' या शब्दावर कधीही विश्वास ठेवू नका. जाड पुठ्ठ्यावर इंजिनाच्या मागच्या तोंडाचा ठसा घ्या, बोल्टची सर्व छिद्रे आणि मधला अक्ष नोंदवा, आणि तो पुठ्ठा सोबत घेऊन बाजारात जा. इनपुट शाफ्टची लांबी, त्याच्या टोकाचा व्यास आणि दात्यांची संख्याही मोजून ठेवा. असा पुठ्ठा जवळ असल्यामुळे मी एक चुकीचा व्यवहार टाळू शकलो.

४. जागा, हत्यारे आणि ऋतू

हे काम दिवाळीनंतर काढा आणि फेब्रुवारीच्या आत संपवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली, गाडीच्या पोटाखाली पडून अचूक काम होत नाही.

रॅम्प मिळाला तर उत्तम. नसेल तर सपाट सिमेंटची जमीन आणि गाडी टेकवायला चार मजबूत घोड्या (स्टँड) हव्यात. केवळ जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. याशिवाय गिअरबॉक्स उतरवण्याचा जॅक, टॉर्क पाना, ॲलन की आणि लांब एक्स्टेन्शनसह सॉकेट संच, व्हर्निअर, डायल गेज आणि क्लच मध्यावर आणण्याचा दांडा लागतो. हा दांडा हिंगणा एमआयडीसीतल्या टर्नरकडून इनपुट शाफ्टच्या मापाने ॲल्युमिनियममध्ये करून घेतला, तरी चालतो.

५. जुना गिअरबॉक्स उतरवणे

बॅटरीची तार काढा. गिअरबॉक्सचा ट्रे आणि टॉर्क कन्व्हर्टर, दोन्हींचे तेल स्वतंत्रपणे काढावे लागते. कन्व्हर्टरला वेगळा ड्रेन प्लग असतो आणि तो विसरला तर उरलेले कित्येक लिटर तेल अंगावर येते. प्रोपेलर शाफ्ट सोडवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर आणि जोडांवर रंगाने खुणा करा.

कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ प्लेटला, बोल्टने बांधलेला असतो. खालच्या खिडकीतून एकेक बोल्ट समोर आणण्यासाठी क्रँक पुढच्या नटावरून फिरवा, आणि तो इंजिन फिरते त्याच दिशेला फिरवा. सर्व बोल्ट निघाल्यावर कन्व्हर्टर गिअरबॉक्सला चिकटूनच मागे आला पाहिजे. तो इंजिनाकडे अडकून राहिला तर ओढाताणीत आतल्या पंपाचे नुकसान होते, आणि आपल्याला तर हा गिअरबॉक्स जपून ठेवायचा आहे. इंजिनाला खालून आधार देण्यास विसरू नका.

६. फ्लायव्हील, पायलट बेअरिंग आणि क्लच

येथे घाई केली तर सगळे पुन्हा उतरवावे लागते.

पहिला प्रश्न समतोलाचा. या इंजिनांत क्रँक आणि त्यामागची प्लेट यांचा समतोल कारखान्यात एकत्र साधलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या गाडीचे फ्लायव्हील तसेच्या तसे लावले तर ठरावीक वेगाला गाडी थरथरू शकते, आणि ती थरथर पुढे बेअरिंगपर्यंत पोहोचते. काढलेली फ्लेक्सप्लेट आणि आणलेले फ्लायव्हील दोन्ही बॅलन्सिंग करणाऱ्याकडे न्या आणि फ्लेक्सप्लेटचा समतोल फ्लायव्हीलवर उतरवून घ्या. त्यासाठी फ्लेक्सप्लेट काढतानाच क्रँकवर तिची दिशा दाखवणारी खूण करायला हवी. फ्लायव्हील घासून सपाट करायचे असेल तर ते समतोलाच्या आधी करा. क्रँकचे बोल्ट ताणले जाणारे असतात, म्हणून नवे घ्यावेत. जुन्या बोल्टची बचत येथे करू नये.

दुसरी वस्तू पायलट बेअरिंग. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या खाचेत या लहान बेअरिंगवर फिरते. ऑटोमॅटिक गाडीत त्याची गरजच नसल्यामुळे ती खाच रिकामी असते, आणि बघणाऱ्याला तिथे काही कमी आहे असे वाटतही नाही. बेअरिंगशिवाय गिअरबॉक्स चढतो, गाडी चालतेही, पण शाफ्टला पुढे आधार नसल्याने काही काळाने आवाज सुरू होतो आणि पुढचे बेअरिंग जाते. खाच साफ करा, व्यास आणि खोली मोजा, रबरी सील असलेले योग्य मापाचे बेअरिंग घ्या आणि ते बाहेरच्या कड्यावर दाब देऊन सरळ बसवा.

क्लच प्लेट बसवताना तिची गिअरबॉक्सकडची बाजू तपासा. उलटी बसली तर क्लच सुटत नाही. दांड्याने ती मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. फ्लायव्हीलच्या आणि प्लेटच्या पृष्ठभागावर ग्रीसचा हात लागता कामा नये. गिअरबॉक्स चढवताना तो सरळ रेषेत, स्वतःच्या वजनाने न लोंबकळता पुढे सरकला पाहिजे. बोल्ट आवळून त्याला ओढून आणण्याचा मोह टाळा, कारण त्याने क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

इंजिनाच्या मागच्या ऑईल सीलमधून गळती आहे का, हेही आताच पाहून घ्या. या इंजिनांचे ते सील बदलायला इंजिन खोलावे लागते, त्यामुळे नवा क्लच तेलात भिजू द्यायचा की आधी सील करायचे, हा निर्णय याच टप्प्यावर घ्यावा लागतो.

७. पेडल आणि क्लचचे हायड्रॉलिक

पेडलचा सांगाडा बदलण्यासाठी डॅशबोर्डखाली पाठीवर पडून काम करावे लागते. चालकाचे आसन आधीच काढून ठेवले तर हे सुसह्य होते. क्लच पेडलची स्प्रिंग फार ताणलेली असते. ती उघड्या हाताने सोडवू नका.

या मालिकेत क्लचला वेगळी टाकी नसते. ब्रेकच्याच टाकीतून एक नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे जाते. तुमच्या टाकीला ते तोंड आहे का ते पाहा, नसेल तर मॅन्युअल गाडीची टाकी बसवा.

हवा काढण्याची नेहमीची पद्धत, म्हणजे पेडल दाबून निपल (हवा काढण्याचे लहान तोंड) सोडण्याची, येथे नीट चालत नाही. मी दोन दिवस ती करत राहिलो आणि पेडल स्पंजासारखेच राहिले. योग्य पद्धत उलटी आहे. पुढच्या एका ब्रेक कॅलिपरच्या निपलपासून स्लेव्ह सिलिंडरच्या निपलपर्यंत पारदर्शक नळी लावा, आधी त्या नळीतली हवा काढून ती ब्रेक ऑईलने भरा, दोन्ही निपल सोडा आणि ब्रेक पेडल हळूहळू दाबा. पेडल वर येण्यापूर्वी प्रत्येक वेळी निपल बंद करा. ऑईल खालून वर चढते आणि हवा टाकीत निघून जाते. टाकी भरून वाहणार नाही इकडे एकाने लक्ष ठेवावे, कारण ब्रेक ऑईल रंग खाते.

८. प्रोपेलर शाफ्ट

मॅन्युअल गाडीचा शाफ्ट आणला असेल तर फक्त क्रॉस, मधले बेअरिंग आणि रबरी कपलिंग तपासा. जुनाच शाफ्ट कमीजास्त करून लावायचा असेल, तर नव्या गिअरबॉक्ससह माप घ्या, आणि ते गाडी चाकांवर उभी असताना घ्या, कारण मागची चाके लोंबकळत असली की माप चुकते. कापून जोडलेल्या शाफ्टचे बॅलन्सिंग अनिवार्य आहे.

९. वायरी, व्हॅक्यूम आणि उरलेली तोंडे

ऑटोमॅटिक गाडी केवळ पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्येच सुरू व्हावी यासाठी स्टार्टरची वायर लिव्हरजवळच्या स्विचमधून जाते. स्विच निघाला की स्टार्टर फिरणारच नाही. त्या दोन वायरी नुसत्या जोडून मोकळे होऊ नका. क्लच पेडलवर स्विच बसवून त्यातून त्या न्या, म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना चुकून सुरू होऊन पुढे उडी घेणार नाही. घरात लहान मुले असतील तर हे फारच आवश्यक आहे. रिव्हर्स लाइटच्या दोन वायरी नव्या गिअरबॉक्सवरच्या स्विचला जोडा. वायरींचा मूळ जोड कापू नका. त्यात बसणारा दुसरा जोड करून घ्या.

आता व्हॅक्यूम. या डिझेल इंजिनांत चावीने इंजिन बंद होते ते व्हॅक्यूमच्या जोरावर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी उघडी राहिली की गळती होते आणि चावी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते. माझ्या बाबतीत अगदी असेच झाले. बॉनेटखाली इंजिनावर 'स्टॉप' लिहिलेली पट्टी असते, ती दाबून इंजिन बंद करता येते. ती कुठे आहे हे पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधीच बघून ठेवा. नळीचे तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा.

गिअरबॉक्सचे तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे दोन नळ्या जातात. इंजिनाच्या पाण्याशी त्यांचा संबंध नसतो, तरीही रेडिएटरची ती तोंडे आटे असलेल्या बुचांनी बंद करा.

१०. गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालायचे

या मॅन्युअल गिअरबॉक्सना कंपनीने ऑटोमॅटिकचेच पातळ तेल, म्हणजे एटीएफ, सांगितलेले आहे. आपल्याकडे मॅन्युअल म्हटले की हात नव्वद नंबरच्या गिअर ऑईलकडे जातो. माझ्याही गाडीत एका कारागिराने, चांगल्या हेतूने, तेच भरले होते, आणि डिसेंबरच्या सकाळी दुसरा गिअर पडता पडेना. तेल बदलताच तक्रार संपली. गाडी सपाट उभी करून बाजूच्या भरण्याच्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागेपर्यंत भरा. गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा असेल तर त्याच्या पुस्तिकेत पाहा.

११. चाचणी

प्रथम मागची चाके अधांतरी ठेवून सर्व गिअर टाकून पाहा. मग सकाळी लवकर, रहदारी नसताना, गल्लीत दहा-पंधरा मिनिटे चालवा आणि परत येऊन खालून गळती बघा. पहिले ५०० किलोमीटर क्लचवर जोर देऊ नका. अर्धा क्लच धरून चढावर गाडी रोखून ठेवू नका. त्यानंतर सेमिनरी हिल्सच्या किंवा रामटेकच्या गडाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहा. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र तशी वेग घेत नाही.

स्पीडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहा, कारण गिअरबॉक्समधला त्याचा लहान गिअर आणि डिफरन्शियलचे प्रमाण जुळले नाही तर काटा खोटा वेग दाखवतो. हे वर्धा रोडवर पाहता येते. समृद्धी महामार्गावर मात्र ही जुनी गाडी चाचणीसाठी नेऊ नये, तिथल्या १२० किलोमीटर वेगाच्या वाहतुकीत ती स्वतःलाही आणि इतरांनाही अडचणीची ठरते. १,००० किलोमीटर झाल्यावर गिअरबॉक्सचे तेल बदला, प्रोपेलर शाफ्टचे आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि क्लचच्या जोडांवर ओल आहे का ते पाहा.

१२. काढलेले सामान

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कन्व्हर्टरसह, कन्व्हर्टर पुढे सरकणार नाही अशी पट्टी बांधून, सर्व तोंडे बुचांनी बंद करून लाकडी पेटीत ठेवा. फ्लेक्सप्लेट, तिचे बोल्ट, जुने रुंद ब्रेक पेडल, लिव्हर, स्विच, नळ्या आणि जुना प्रोपेलर शाफ्ट यांना तेलाचा हात देऊन, चिठ्ठी लावून त्याच पेटीजवळ ठेवा. फ्लेक्सप्लेटवरची दिशेची खूण पुसू देऊ नका. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चॅसी क्रमांक आणि काम केल्याची तारीख लिहा, आणि पेटी पावसाळ्यात ओल न येणाऱ्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा.